पहिला अंक

मोबाईल उजळ करा, बारकोड वर आणा, बोट काचेवर नको.
दर रविवारी साडेसहाला हेच मंत्र
फोंड्याच्या सभागृहाच्या दारात.
हातात पिस्तुलासारखं यंत्र. त्याची तांबडी रेघ
काळ्या काड्यांवरून एकदा फिरते
आणि ट्यँव.
हिरवं म्हणजे बसा. तांबडं म्हणजे बाजूला व्हा.

पूर्वी हे काम माझा अंगठा करायचा.
टर्रकन अर्धं त्यांना, अर्धं डब्याला.
रात्री डबा उपडा केला की गुलाबी कचऱ्याचा ढीग,
सुकूर हिशेबनीस तो मोजायचा आणि शिंकायचा.
आता मोजायला कोणी लागत नाही.
मी मात्र अजून अंगठा चोळतो.

वत्सला मडकईकर आल्या तेव्हा दोन घंटा झाल्या होत्या.
बांदोड्याची बस चुकली होती,
नव्या चपला चावत होत्या,
अबोलीचा वळेसर एका कानावर घसरलेला.
पिशवीतून फोन काढला, हातरुमालात गुंडाळलेला.
उघडला. काळा.
दाबला. काळाच.
मुलानं बहारीनहून तिकीट पाठवलंय, म्हणाल्या,
सकाळपासून दहा वेळा उघडून पाहिलं, आहे ना म्हणून.
पाहण्यातच बॅटरी संपली.

"बसा आत," मी म्हटलं. "माणूस कळतो मला."
"हांव फुकट भितर वचपाची ना."
पैसे भरलेत, म्हणाल्या,
तुमच्या त्या तांबड्या रेघेला पटू दे.

वाळूच्या बादलीमागे एक सॉकेट आहे.
वायर लावली. दोन खुर्च्या ओढल्या.
तिसरी घंटा. आत नांदी सुरू, दार बंद.

तीस वर्षं झाली,
एकाही नाटकाचा पहिला अंक मी पाहिलेला नाही.
उशिरा येणारे संपतात तोवर तो संपतो.
माझी सगळी ओळख दुसऱ्या अंकापासून:
कुणी रडत असतं, का ते कळत नाही,
कुणी परत येतं, गेलेलं कधी ते ठाऊक नाही.
हे मी घरीही बोललो नव्हतो.
त्यांना का सांगितलं, देव जाणे.

त्यांनी दाराला कान लावला.
"आता राणी डावीकडून येते. हातात तबक,
वर रेशमी रुमाल. खाली काही नाही,
पण राजाला वाटतं, आहे."

माझे बाबा करायचे ही राणी, म्हणाल्या,
जत्रेत, देवळापुढं.
मी आठ वर्षांची, पडद्याआड वही घेऊन.
बाबा अडले की मी कुजबुजायचे.
तिकीट कसलं हो? दुपारी चटई टाकून यायचं,
वर एक चप्पल ठेवली की जागा पक्की.
चप्पल हलवायची कुणाची छाती नव्हती.

आत नट बोलायचा, बाहेर त्या,
त्याच्या अर्धा श्वास आधी.
एकदा आतला अडला.
शांतता. कुणीतरी खोकलं.
त्यांनी एक शब्द दाराच्या फटीत सरकवला.
पोचला की नाही कोण जाणे,
नट मात्र पुढं गेला.

फोन केव्हाच जागा झाला होता.
चार टक्के. अकरा. सतरा.
मी पाहिलं. त्यांनीही.
त्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

मग टाळ्या, उघडी दारं, वडे, चहा,
आणि संडासापुढची ती रांग.
त्यांनी फोन पुढे धरला, उजळ करून, बोट बाजूला.
ट्यँव. हिरवं.
प्रवेश वैध, सात वाजून बावन्न मिनिटं.

"आणि माझं अर्धं?" त्यांचा तळवा तसाच पुढे.
फाडायला काही नव्हतं.
मी अंगठा चोळला. त्या हसल्या,
चपला हातात घेऊन आत गेल्या.

यंत्राच्या यादीत त्या उशिरा आलेल्या.

दुसऱ्या अंकात राजा रुमाल ओढतो,
सगळं सभागृह पुढे वाकतं.
मी दारात उभा होतो.
तबकात काही नाही, मला ठाऊक होतं.